भाजलेली माती

माझं माहेर लासलगावचं, बाप मार्केटात कांद्याच्या गोण्या शिवायचा, अन लग्न होऊन मी इकडं एकलहऱ्याच्या रस्त्याला आले ती इथलीच झाले. काय सांगू तुला, तू शेजारची पोर, कॉलेजात जाती म्हणून बोलते, नायतर हे कुणापाशी काढलं नाय. पोरगा माझा घरामागच्या शेडात जुन्या बॅटऱ्या फोडायचा, आतल्या प्लेटा वितळवून शिसं काढायचा. धूर घरात यायचा, पण आम्हाला त्याचं काय वाटायचं नाय.

तर सुनेला, सुनीताला, मातीचे डोहाळे लागले. आमच्यात डोहाळे मोडत नाय, बाळाचे कान फुटतात म्हणतात. माझे गुडघे दुखतात, लांब कुठं जाऊ, म्हणून शेडाच्या भिंतीचीच माती उकरली, तव्यावर भाजली, पदरात बांधून तिला दिली. ती म्हणे, आत्या, लय गोड लागती ही. मी म्हटलं, मग पोरगं गोडघाशी व्हणार. रोज दिली. रोज म्हणजे रोज, ह्या हातानं.

सातव्या महिन्यात सोनोग्राफीत बाळाची वाढ मागं पडलेली दिसली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, नवरा काय करतो, माती-बिती खाते का ही. सुनीतानं माझ्याकडं पाहिलं, अन तिच्याआधी मीच बोलले, नाय हो मॅडम, खात्यापित्या घरची हाय ती. माती खाती म्हटलं की घरात भाकर नाय असं वाटंल ना, त्या लाजेपायी.

मग बॅटऱ्यांचं काम ऐकून मॅडमनी रक्त तपासलं, तर त्यात शिसं निघालं. मॅडम म्हणाल्या, हे बाळापर्यंत जातं, वाढ रोखतं, हिला आजच त्या घरातून हलवा, अन खरं सांगा, नुसता धूरच गेला का? शेडाच्या भिंतीतच शिसं मुरलेलं, हे मला तेव्हा उमगलं. तर सुनीता म्हणाली, मीच चोरून माती खायचे मॅडम, आत्यांना ठाऊक नाय.

पोरगी पावणेदोन किलोची झाली. पोरगा आता रिक्षा चालवतो, शेड पाडलं. नात तीन वर्षांची हाय, पण तिला दीड वर्षाच्या पोरीचा फ्रॉक बसतो. बाया म्हणतात, सूनच नीट खात नसंल, अन मी गप्प. सुनीतानं माझं नाव कुणापाशी काढलं नाय. जेवायला अजून मला आधी वाढती.

आता तिला परत दिवस गेलेत. पहिलं शिसं हाडात राहतं म्हणे, दुसऱ्या बाळाला त्यातून जाऊ शकतं. काल विचारलं, काय खावंसं वाटतं का गं? काय नाय आत्या, म्हणाली, अन दुसरीकडं बघितलं. उद्या तपासणी हाय. मी संगं जाणार, अन मॅडमनं विचारायच्या आधी सांगणार, की माती मी दिली व्हती. तू लिहून ठेव बाळा, म्हणजे मला दवाखान्याच्या दारातून मागं फिरता येणार नाय. अन त्या माउलीला सुखरूप सोडव रे देवा.