तोंडाकडे काय बघताय?

‘काही झालं तरी हूं की चूं करायचं नाही,’ असं घरूनच ठरवून शाळेच्या बाई आपला दुखरा खांदा सांभाळत दवाखान्यात बसल्या होत्या. पडद्यापलीकडे डॉक्टरीणबाई एका रंगाऱ्याला तपासत होत्या.

“हात सैल सोडा.”

“सोडलाय की.”

“कुठे? ओंडका झालाय नुसता. आता चेंडू फेकताना नेतो तसा मागे नेते. दुखतंय?”

“छे!”

“अहो, खरं सांगा ना,” त्याची बायको म्हणाली.

“नाही म्हटलं ना! आणि डॉक्टर, खांदा इकडे आहे. तुम्ही माझ्या तोंडाकडे काय बघताय?”

“यात तोंडच बघायचं असतं.”

“थांबा! थांबा, थांबा!”

“दुखलं?”

“दुखलं नाही. निखळतोय असं वाटलं.”

“आता खांदा पुढून तळव्याने दाबून धरते आणि हात पुन्हा तेवढाच मागे नेते. आता?”

“आता... काहीच नाही. न्या की अजून!”

“पुढची बाजू सैल झालीय. म्हणून हात मागे गेला की भीती वाटते. व्यायाम नेटाने केलात, तर बरंच आवरेल.”

“म्हणजे मी भित्रा नाही?”

“तुम्ही नाही. तुमचा खांदा आहे.”

“आणि मी मेली वर्षभर म्हणतेय, शिडी चढायला नको म्हणून सोंग करतात!”

“ऐकलंस ना? आता घरी जाऊन तुझ्या भावालाही सांग.”

दोघं हसतच बाहेर पडली.

“पुढचं कोण?”

बाई आत गेल्या आणि आडव्या व्हायच्या आधीच म्हणाल्या, “डॉक्टर, मला भीती वाटते.”

“छान! कुठपर्यंत हात नेला की?”