गुरुवारी तीन वाजता

दादा : “देवाच्या घरी लेक, नांदते सुखात; मी बाई दारी उभी, शब्द नाही मुखात.” कपड्यांच्या घड्या घालताना आई हेच गुणगुणायची. तू मठात आल्यापासून बावीस वर्षं हेच! आठवतोय तिचा आवाज?

घुमी : आठवतो.

दादा : एवढंच? लहानपणी आम्ही घुमी म्हणून चिडवायचो, तर मठात येऊन तू त्याचं व्रतच केलंस.

घुमी : आणि तू कुलपं दुरुस्त करायला लागलास. बडबड्याला दारं उघडायचं काम.

दादा : उघडतात ना! ही आपल्यामधली तुमची जाळी तेवढी मला दाद देत नाही. बरं, मुद्द्याचं बोलतो. आई जाऊन तीन आठवडे झाले, म्हणून तर आज ही भेट मिळाली. बाबांचं उजवं अंग लुळं पडलंय, माझ्या हातून घास घेत नाहीत. तुझ्या मठाच्या मदर तुला सहा महिने घरी पाठवायला तयार आहेत. मग अर्जावर सही का करत नाहीस?

घुमी : मी इथून त्यांच्यासाठी प्रार्थना करते, दादा.

दादा : कर की. पण भिजलेली चादर बदलायला माणूसच लागतं, घुमे. येशू काय जाळीआडून रोग्यांना बरं करायचा? हात लावायचा ना?

घुमी : लावायचा.

दादा : मी एकटा पडलोय गं. दुपारी दुकान बंद करून धावत घरी जातो, तर ते भिंतीकडे तोंड करून पडलेले. त्यात त्या दवाखान्याचं ऐक. आई दर गुरुवारी गुडघ्याला शेक घ्यायला जायची ना? परवा गेलो भांडायला. म्हटलं, चार महिने बाई तुमच्यासमोर खोकत होती, तुम्हाला तिचं फुप्फुस तपासावंसं वाटलं नाही? तर म्हणाले, या बाई इथे कधी आल्याच नाहीत. मग जायची तरी कुठे?

घुमी : इथे.

दादा : काय?

घुमी : तीन वाजता आम्ही प्रार्थनाघरात तासभर मौनात बसतो. जाळीच्या पलीकडे बाहेरच्यांना बसता येतं. बोलायचं नाही, मान वळवायची नाही. तिच्या चपलांच्या आवाजावरून मी ओळखायचे. नऊ वर्षांत एक गुरुवार चुकवला नाही तिनं.

दादा : आणि आम्ही समजत होतो, लेकीचं तोंड दिसेना म्हणून झुरतेय!

घुमी : तोंड नाहीच बघितलं. पण त्या तासात मी तिच्या जितकी जवळ होते, तितकी कधी देवाच्याही नव्हते.

दादा : वेडे, मग हे लपवायचं कशाला? बाबांना येऊन सांग. त्यांना वाटतं, शेवटी ती अगदी एकटी होती.

(घुमीची बोटं जाळीत रुतली. इतका वेळ जमिनीकडे बघत बसलेली ती आता भावाकडे बघत होती.)

घुमी : येईन. पण आधी हे ऐक, नाहीतर बाबांच्या तोंडात घास घालताना माझा हात उठणार नाही. उन्हाळ्यात तिचा खोकला बदलला होता. आधी घशातला होता, मग खोल गेला, मग श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मला कळलं होतं, दादा. दारावरच्या सिस्टरकडे दोन ओळींची चिठ्ठी दिली असती, तर संध्याकाळपर्यंत तुझ्या हातात आली असती.

दादा : मग?

घुमी : मौन मोडेल म्हणून दिली नाही. नुसती प्रार्थना करत बसले.