लाल बटण

(शेंद्रा गाव. सरिताच्या घराची ओसरी, दुपारची वेळ.)

श्रीनिवास : पाणी राहू द्या, सरिताबाई. कामाचंच बोलतो.

सरिता : प्या साहेब, ऊन लई आहे. गाडी कुठं लावली?

श्रीनिवास : गाडी कंपनीची होती, गेली. सिटीबसनं आलो. मला काढलं, ते कळलंच असेल तुम्हाला.

सरिता : व्हय. आख्खा ट्रक माल वापस आला म्हणं.

श्रीनिवास : तुम्ही सांगितलं होतं तेच निघालं. साच्याला चीर गेली होती. एकूण एक वॉशर कडेला कच्चा.

सरिता : म्हणून तर मी लाल बटण दाबून लाईन थांबवली. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, 'माल तपासायला ठेवलंय तुला, डोकं चालवायला नाही.' दुसऱ्या दिवशी गेटच्या आत घेतलं नाय मला.

श्रीनिवास : परवा माझे कागद आणायला गेलो, तर मलाही आत सोडलं नाही. वॉचमन धोंडिबानं बाहेरच्या बाकावर बसवलं. दोन तास बसलो. बोलता बोलता तो म्हणाला, 'सरिताबाई तीन दिवस इथंच बसल्या होत्या, तुम्हाला भेटायला.' मी तर रोज त्या बाकासमोरूनच आत जायचो.

सरिता : गाडीची काच वर असायची तुमची.

श्रीनिवास : तुम्हाला परत घ्यावं म्हणून मालकांना पत्र लिहून आणलंय. फक्त तुमच्या नावाची जागा कोरी आहे. पूर्ण नाव मला ठाऊक नव्हतं.

सरिता : चार वर्षं तुमच्या हाताखाली होते मी. सरिता इंद्रजीत साळवे. काय लिहिलंय पण?

श्रीनिवास : 'गैरसमजातून यांना कामावरून कमी करण्यात आले.'

सरिता : गैरसमज कुणाचा झाला? मी सांगितलं, तुम्ही ऐकलं नाय. एवढंच लिहा ना.

श्रीनिवास : तसं लिहिलं तर माझ्या सहीनं दोष माझ्यावर येतो. सोमवारी वाळूजला मुलाखत आहे माझी. ते लोक आपल्या कंपनीत फोन करून चौकशी करणार.

सरिता : मीबी दोन कंपन्यांत गेले होते काम मागायला. त्यांनीबी फोन केला. 'ती बाई कुणाचं ऐकत नाय' असं कळलं म्हणं त्यांला.

श्रीनिवास : ते मीच सांगितलं होतं.

सरिता : ठाऊक आहे.

श्रीनिवास : कोरा कागद आहे का घरात?

सरिता : पोरीच्या वहीतला देते. बसा, खाट पुढं ओढून घ्या. लिहायला बरं पडंल.

श्रीनिवास : झालं. सहीही केली. वाचून दाखवू?

सरिता : द्या इकडं. वाचता येतं मला.

श्रीनिवास : चुकलं माझं. घ्या.

सरिता : 'सरिता इंद्रजीत साळवे यांनी लाईन थांबवली ते बरोबर होते. त्यांनी सांगूनही मी ऐकले नाही.' हां. तारीख टाकायची राह्यली, साहेब.