इथे एक पट्टी मारू या

…आणि वजनकाट्यावरचा तो माणूस, तुम्हाला सांगतो, खुर्ची सोडून बाहेर आला! गाडीभोवती एक फेरी मारली, काट्याकडे बघितलं, काट्याला एक चापट मारली, परत बघितलं आणि मला म्हणतो, "मागचा माल उतरवून घ्या आधी." म्हटलं, माल नाहीये. "मग आतली माणसं उतरवा." म्हटलं, अहो माणसं कुठली, मी इथे उभा, सासरे तिकडे उभे, गाडी रिकामी आहे! तर तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसा काही मी काट्यावर हत्ती चढवलाय आणि त्याला ससा म्हणतोय. अहो, रेसची गाडी ती! वाळूतून, दगडधोंड्यांतून उड्या मारत पळायची गाडी! घरी बनवलेली, या हातांनी, घरामागच्या शेडमध्ये! आणि सगळ्यांत वाईट काय सांगू… तो माणूस बरोबर होता.

तुम्ही म्हणाल, एवढी जड झाली कशी? एका दिवसात नाही झाली हो. एकेका पट्टीने झाली.

आता आधी माझ्या कंबरेचं ऐका, कारण सगळं तिच्यावर अडलं होतं. मला तरुणपणापासून एकच वेड. ती रेस एकदा, आयुष्यात फक्त एकदा पळायची. जिंकायची नाही, पळायची! पण नोकरी, लग्न, घर, छपराची गळती… दरवर्षी म्हणायचं, पुढच्या वर्षी. तेवढ्यात मणक्यातली गादी सरकली. डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली, चष्मा वर केला, चष्मा खाली केला आणि म्हणाले, "मी हो म्हणत नाहीये, पण तुम्ही ऐकणारे दिसत नाही. यंदा काय त्या उड्या मारून घ्या. पुढच्या वर्षी तुम्हाला साध्या स्कूटरवरसुद्धा बसू देणार नाही मी." झालं! म्हणजे एकच रेस. यंदा नाही तर कधीच नाही. मी घरी येताना वाटेतच जुनी पिकअप ठरवून आलो.

माझा एक वेल्डर मित्र आहे, त्याला सगळे ठिणगी म्हणतात, कारण बोलतोही तसाच, चटकन आणि अंगावर. आम्ही दोघांनी पिकअपची हाडं तेवढी ठेवली. बॉडी काढली, पाइपांचा पिंजरा केला, लांब शॉकअप बसवले, आणि काय सुंदर दिसत होती म्हणून सांगू! नुसती उभी असली तरी आता उडेल असं वाटायचं. ठिणगी म्हणाला, "हलकी झालीये रे. जिंकलो आपण." म्हटलं, नुसते पळालो तरी पुरे.

आणि तेव्हा सासरे शेडमध्ये आले.

सासरे म्हणजे काय, ते सांगायला हवं. माणसाने सगळी नोकरी पुलांवर काढलेली. नदीवरचे पूल, रेल्वेचे पूल. सासूबाई गेल्या आणि हा माणूस एकदम बंदच पडला. आमची ही त्यांना आमच्याकडे घेऊन आली. दिवसभर खोलीत बसायचे. टीव्ही लावू? "नको." फिरायला येता? "नको." जेवायला वाढू? "ठेव." ताट तसंच परत. ही स्वयंपाकघरात नळ सोडून रडायची, म्हणजे आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. मला ऐकू जायचं.

तर असे सासरे एका दुपारी चप्पल ओढत शेडमध्ये आले. वाकले. पिंजऱ्याच्या एका जोडावर अंगठा दाबला. टेबलावरचा छोटा हातोडा घेतला, जोडावर टिक् करून वाजवला, कान लावला. आणि म्हणाले, "इथे एक पट्टी मारू या."

तुम्हाला सांगतो, मागे कपड्यांची बादली पडल्याचा आवाज आला. ही दारात उभी होती. चार शब्द! सासूबाई गेल्यापासून चार शब्द सलग ऐकले नव्हते आम्ही त्यांच्या तोंडून! हिने मला बाजूला घेतलं. डोळे भरलेले. "अहो, मारा. पट्टी मारा. काय म्हणतील ते मारा." आणि मी मारली! एका लोखंडी पट्टीने काय होतंय? त्या दिवशी सासऱ्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी चहा व्हायच्या आत शेडमध्ये हजर. टिक्. टिक्. कान लावला. "जावईबापू, इथेही एक पट्टी मारू या." मारली! मग डाव्या बाजूला मारली म्हणून उजव्या बाजूला. "समतोल राहिला पाहिजे." खरंय, समतोल राहिला पाहिजे! मग चारही कोपऱ्यांना तिकोनी पट्ट्या. मग त्या तिकोनी पट्ट्यांना आधार म्हणून आडव्या पट्ट्या. मग आडव्या पट्ट्या थरथरू नयेत म्हणून… अहो, ती गाडी आहे, ती थरथरणारच! थरथरणं हाच तिचा धंदा आहे! पण कुणाला सांगता?

ठिणगीचं डोकं फिरायला लागलं. "काका, आपल्याला पळायचंय, पूल नाही बांधायचा!" सासरे शांतपणे म्हणाले, "पूल एका जागी उभा राहतो म्हणूनच जग पळतं, बाळा." ठिणगीने वेल्डिंगची काच तोंडावर ओढली. पण मला कानात म्हणाला, "तू नाही म्हण. तुझे सासरे आहेत. माझे नाहीत."

आणि मी "नाही" म्हटलं हो! एकदा म्हटलं. खोटं नाही सांगत. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना पट्टी मारायला निघाले होते, मी म्हटलं, "बाबा, इथे नको. जड होतंय." एवढंच. सौम्यपणे. ते म्हणाले, "बरं." हातोडा जागेवर ठेवला, सरळ ठेवला, दांडा भिंतीकडे करून, आणि खोलीत निघून गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी नाहीत. ताट परत यायला लागलं. ही मला एक शब्द बोलली नाही, आणि तुम्ही लग्न झालेले असाल तर न बोलणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे! नळ मात्र सुरू झाला परत.

मी शेडमध्ये बसलो. समोर गाडी. हात लावून बघितली. अजून पळाली असती हो! तेवढ्या वजनातही पळाली असती, मी सांगतो ना! आणि आत तो म्हातारा भिंतीकडे बघत बसलेला. काय करणार? उठलो. खोलीच्या दाराशी गेलो, घसा खाकरला आणि म्हटलं, "बाबा… तो मागचा जोड… मला जरा नाजूक वाटतोय."

त्यांनी मान वळवली. "मागचा? पाट्यांजवळचा?"

"हो. तुम्ही जरा बघता का?"

"मी म्हटलंच होतं!" असे उठले, म्हणता काय! चप्पल उलटी घातली! आणि त्यानंतर मी नाही म्हणायचं बंदच केलं. इथे एक पट्टी मारू या? मारली! तिथे एक पट्टी मारू या? मारली! पट्टीवर पट्टी, पट्टीवर पट्टी… दारांना पट्टी, जिथे दारच नव्हतं तिथेही पट्टी! ही आतून खुशीत विचारायची, "बाबा, जेवायला येता?" आणि ते शेडमधून ओरडायचे, "थांब गं, एवढी एक पट्टी होऊ दे!" माणूस सुधारत होता आणि गाडी बसत होती. खरोखर बसत होती, शॉकअप खाली खाली जात होते, आणि ते बघून सासरे म्हणाले, "बघा, कशी घट्ट जमीन धरून उभी आहे!"

बरं, एवढ्यावर थांबलं का? नाही! पूलवाल्यांची एक रीत असते. नवीन पुलावरून पहिला भरलेला ट्रक जातो ना, तेव्हा ज्याने पूल बांधला तो त्या पुलाखाली जाऊन उभा राहतो. म्हणजे कोसळला तर आधी माझ्यावर! सासरे प्रत्येक पुलाखाली उभे राहिलेले. तर मला म्हणाले, "जावईबापू, जोड मी पास केलेत. मी आत बसणार." आत म्हणजे माझ्या शेजारी. रस्ता सांगणाऱ्याच्या सीटवर. ठिणगीच्या सीटवर! ठिणगीने हेल्मेट काढलं, त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाला, "बसा काका. तसंही गाडी पळणार नाहीये, मी रस्ता सांगून काय करू?"

रेसच्या दिवशी काय झालं ते आता सांगवत नाही, पण सांगतो. वजनकाट्याचं सांगितलंच. झेंडा पडला. बाकीच्या गाड्या सुटल्या. आमची निघाली. पहिला उंचवटा आला, जिथे प्रत्येक गाडी हवेत जाते, लोक तिथेच कॅमेरे लावून उभे असतात. मी श्वास रोखला. सगळं आयुष्य या एका उडीसाठी! पाय दाबला. गाडी चढली… वर गेली… आणि पलीकडून उतरली. उतरली हो! घरचा जिना उतरावा तशी! चारही चाकं जमिनीवर! कॅमेरे घेऊन उभे असलेले लोक एकमेकांकडे बघायला लागले. एकाने टाळी वाजवली, पण ती दयेची होती, मला कळते ना दयेची टाळी!

पुढे वाळू. आता बघा, सगळ्यांच्या गाड्या वाळूवरून गेल्या. आमची वाळूतून गेली. थोडी गेली आणि रुतली. मी खाली उतरलो, फावडं काढलं, खणायला लागलो. चाक मोकळं केलं, गाडी हातभर पुढे गेली, परत रुतली. परत फावडं. सासरे आत बसून टिक् टिक् वाजवत होते आणि ओरडत होते, "एकही जोड बोलला नाही, जावईबापू! एकही नाही!" न बोलायला काय झालं, बाबा, त्याला पळवलंय कोणी? आणि कितव्यांदा तरी वाकलो तेव्हा कंबरेत कट् करून आवाज आला. संपलं. अहो, लोकांच्या कंबरा उडीत जातात, त्यात काहीतरी शान आहे! माझी खणताना गेली. झेंडेवाला रस्त्याकडेच्या दोऱ्या गुंडाळत गुंडाळत आमच्यापर्यंत आला, म्हणाला, "काका, वेळ संपली. ओढायला गाडी बोलावू?" तीन गाड्या लागल्या ओढायला. आणि ओढताना सासरे आत बसून हसत होते! खदाखदा! मी त्यांना हसताना कधी बघितलंच नव्हतं. म्हणत होते, "जोरात घ्या! अजून जोरात घ्या!"

मला वाईट वाटलं का? वाटलं! लोक म्हणतात, जाऊ दे, सासऱ्यांना माणसांत आणलंस, पुण्य मिळवलंस. मिळवलं असेल. पण मला ती उडी हवी होती हो! एकच मागितली होती. घरी येऊन पालथा पडलो, आणि हिला म्हटलं, "माझी एकच रेस होती." ती म्हणाली, "मला माहितीये." माझ्या कंबरेवर शेकायची पिशवी ठेवली आणि तिथेच बसून राहिली. नंतर म्हणाली, "मला माहीत होतं, तरी मी तुम्हाला मारा म्हणत होते." आता यावर भांडता तरी येतं का?

डॉक्टरांनी सांगितलं, आता स्कूटरसुद्धा नाही. सांगितल्याप्रमाणेच.

दुसऱ्या दिवशी सासरे माझ्या पलंगापाशी येऊन उभे राहिले. हात मागे बांधलेले. "जावईबापू, चूक माझी. गाडी जड झाली." मी कसाबसा कुशीवर वळलो. एवढा मोठा माणूस, आणि… म्हटलं, "नाही हो बाबा, चालायचंच." म्हणाले, "नाही, चालायचं नाही, पळायचं. मी हिशेब केलाय. पट्ट्या काढायच्या नाहीत, जोड उघडे पडतील. प्रत्येक पट्टीला भोकं पाडायची. ताकद तेवढीच राहते आणि वजन जातं. पुलांनाही करतात." माझा जीव भांड्यात पडला, डोळे भरून आले, पण मग एकदम आठवलं. "बाबा, पण मला आता बसायला बंदी आहे."

"माहितीये की," ते म्हणाले. "म्हणून तर मी चालवणार आहे. त्या दिवशी फार मजा आली."

"आणि भोकं कोण पाडणार?"

"तुम्ही. उभं राहून ड्रिल मारायला तुमच्या डॉक्टरांची हरकत नाही. मी फोन करून विचारलं त्यांना."

फोन करून! ज्या माणसाच्या तोंडून "नको" आणि "ठेव" याच्या पलीकडे शब्द निघत नव्हता, तो माझ्या डॉक्टरांना आपणहून फोन करतो! तर आता मी सकाळपासून शेडमध्ये कंबरेला पट्टा बांधून, मीच मारलेल्या पट्ट्यांना मीच भोकं पाडत उभा असतो. ठिणगी येतो, बघतो, परत जातो. आणि सासरे? काल जेवायलासुद्धा हेल्मेट घालून बसले. ही म्हणाली, "बाबा, काढा की ते, घास कसा घेणार?" तर म्हणाले, "राहू दे गं, सवय झाली पाहिजे." आणि काच वर करून तिसऱ्यांदा वाढून घेतलं.