धर्माजीकाकांची रंगीत तालीम

...नाही, पण मी म्हणतो, धडधाकट माणसाने स्वतःच्या शेवटच्या प्रवासाची रंगीत तालीम घ्यावी का? आणि घड्याळ लावून उशाशी कोणी बसायचं, तर मी, पुतण्या शैलेशने! का, तर मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलंय! तुम्हाला सांगतो, मी मोजूनमापून बोलणारा माणूस, कुणालाही उगीच मोठं म्हणत नाही... पण आमचे धर्माजीकाका मोठेच, त्याला माझा इलाज नाही!

काका म्हणजे माकुणसारचे पानवेलीवाले, वय अठ्ठ्याहत्तर, आणि गेली चाळीस वर्षं गावात कुणीही गेलं की तिरडी बांधायला पहिले हजर! गाठ अशी, की वाटेत सैल होणार नाही. आणि या माणसाने काय आणावं? देहदानाचा फॉर्म! त्यावर जवळच्या नातेवाइकाची सही हवी, म्हणजे सुगंधाकाकूची. काकू म्हणाली, "नाय करनार! सगल्या गावाला तुमी खांदा दिलात, आनि तुमच्या येळी गावानं काय, हात हलवत घरी जायाचं?" बरं, फॉर्मवर छापलेलं, देह सहा तासांच्या आत मेडिकल कॉलेजात पोचवा, आणि कॉलेज कुठे, तर बोईसरच्या पलीकडे! काकू म्हणाली, "आनि नाय पोचलात तर?" काका म्हणाले, "मंग जाऊन बगू की!"

जाऊन बघू? कसं जाऊन बघू?

"निजून!"

अहो, पानांच्या करंड्या उतरवून टेम्पोत गादी घातली, काका चादर ओढून आडवे, पुढे ड्रायव्हरशेजारी काकू, मागे स्टॉपवॉच घेऊन मी! म्हटलं, काका, बसून चला, वेळ तेवढाच लागेल. "नाय रे, निजलेल्याला वलनं कशी लागतात ते कलायला नको?" पाहा! एवढं शिकलो, हा मुद्दा मला सुचला होता का? मोठा माणूस, माझा इलाज नाही!

पालघर ठीक, कोळगाव ठीक, बोईसरला कारखान्यांचे ट्रक, आणि ट्रकांतून सुटतो न सुटतो तोच रेल्वेचं फाटक... बंद! एक मालगाडी गेली, दुसरी आली... चादरीखालून आवाज, "किती झालं?" म्हटलं, एक तास बावीस मिनिटं, पण एकाच नोंदीवरून निष्कर्ष काढणं... "गप रे, मेलेल्याशी वाद घालू नको!"

तेवढ्यात शेजारच्या ट्रकवाल्याने गाणं बंद केलं, टोपी काढली, "चाचा कब गए?" आता मी खोटं बोलत नाही हो! म्हटलं, "अभी... रास्ते में हैं।"

आणि फाटकाशी नेमकी उभी कोण? नवापूरची साखरबाई, तीस वर्षं आमच्या गावात मासळी विकणारी! चादर सरकवून काकांचा चेहरा पाहिला, पाटी खाली ठेवली, आणि टाहोच फोडला, "धर्माजीऽऽ! माजा घरवाला गेला तवा भर पावसात डोक्यावर सुके बांबू घेऊन आलास रे! नवापूरपरेंत आलास रे!" मी कुजबुजलो, काका, उठा! काका ओठसुद्धा न हलवता, "थांब... बोलू दे तिला."

पण तिने डोळे पुसायला चादरीचंच टोक ओढलं, काकांना गुदगुल्या झाल्या, आणि काका उठून बसले! ट्रकवाला स्टिअरिंगखाली, आणि साखरबाईने पाटीतला ओला बोंबील उचलून काकांच्या छातीवर हाणला! "मेल्या, जिता हायस आनि मला रडवतस?"

काकांनी बोंबील शांतपणे तिच्या पाटीत ठेवला. "साखरबाय, पोरांना डाक्टर व्हायचं, तर शिकायला मानूस नको? मेलेल्यांना लई खांदा दिला. आता जरा जित्यांना देतो."

मी स्टॉपवॉच बंद करून बसलो, नोंद बिघडली, पण... मोठा माणूस हो, माझा इलाज नाही!

तोच पुढून काकूचा आवाज, "शैलेश, पेन हाय? सई करते. पन आपल्या दारातनं टेम्पोपरेंत गावानं खांद्यावरच न्यायाचं. आनि तितनं पुडं, येळेत पोचवायचं... तुज्यावर!"

झालं! आठ दिवसांत गावातून आणखी सतरा फॉर्म गेले, आणि सगळ्यांवर कळवायचा नंबर एकच, माझा! म्हणे, "त्याच्याकडं घड्याल हाय!" अठराही जण ठणठणीत आहेत, दीर्घायुषी होवोत... पण तुम्हाला सांगतो, हल्ली समोर कुणी नुसतं शिंकलं ना, तरी मी आधी विचारतो... "फाटक उघडं आहे का?"