लुगड्यातलं खोबरं

चहा निवू द्या, तोवर सांगतो. पोरगी बंगलोरले बाळंत झाली. तिची माय महिनाभर आधीच देवाघरी गेली. पण जायच्या आधी डिंकाच्या लाडवासाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तिनं आपल्या जुन्या लुगड्यात बांधून ठेवल्या होत्या. म्हणे, "पोरीजवळ जाऊन माह्या हातानं लाडू वळीन." मी ते गाठोडं तसंच बॅगेत ठेवलं अन् विमानतळावर बॅग सामानात देल्ली. मशीनमधून जाताच तिथल्या साहेबानं मले बोलावलं.

"बाबा, सुकं खोबरं चालत नाही. तेल असते त्यात, पेट घेते."

"साहेब, आमच्या घरी चुलीजवळच राहते. कधी नाही पेटलं."

साहेब हसले नाही. "नियम आहे, बाबा. घरून कोणाले बोलवा, वापस घेऊन जातीन."

"घरी कोण हाय आता? जिनं बांधलं, तीच नाही राहिली."

त्यायनं गाठोडं सोडलं. वाट्या काढून घेतल्या, लुगडं घडी करून माह्या हाती देल्लं.

बंगलोरले पोरीनं ते लुगडं नाकाशी धरलं. "बाबा, मायनं खोबरं पाठवलं न? कुठी हाय?"

मी म्हटलं, "वास तेवढा येऊ देला, बाई, त्यायनं."