सासूबाईंच्या विमानाचा पत्रा

विश्वास ठेवायचा तरी कोणावर, सांगा बघू? नाही, तुम्हीच सांगा! बसा त्या स्टुलावर, तुमची पाटी तयार आहे, फक्त रंग वाळायचाय, बोट लावून बघू नका, मघापासून दोनदा लावलंत… हां, तर कोणावर ठेवायचा? बायकोवर? ठेवला होता. "अहो, आईचं एक छोटंसं काम आहे, पत्रा कापायचाय," एवढंच म्हणाली ती. आता मला काय वाटणार? खिडकीवर झड लागत असेल, कपाटाची फळी असेल, फार तर दारावरची पाटी. आपला धंदाच तो! शाळा कमी आणि दुकान जास्त अशी आपली हयात. कापणं, घासणं, अक्षरं कोरणं, सगळं बघून बघून शिकलेलो. म्हटलं, सासूबाईंचं काम, करून टाकू. आणि सासूबाई दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या, हा काउंटर आहे ना, ह्याच्यावर नकाशाची गुंडाळी उलगडली आणि म्हणाल्या, "जावईबापू, माझ्या ग्लायडरचं पॅनेल करायचंय."

ग्लायडर! तुम्हाला माहीत आहे ग्लायडर म्हणजे काय? विमान, पण इंजिन नाही. म्हणजे बिघडलंय, काढून ठेवलंय, उद्या बसवणार आहेत, असं काही नाही हो… नाहीच! मुळात नाही! दुसरं एक विमान त्याला दोरीने बांधून वर नेतं, आणि वर गेल्यावर ही दोरी सोडायची. कोणी सोडायची? आपणच! आपल्या हाताने! मी विचारलं, "मग वर राहतं कशावर?" तर सासूबाई म्हणाल्या, "हवेवर." हवेवर! तुम्हाला सांगतो, मी गिऱ्हाइकाला हवेवर उधार देत नाही, आणि ह्या बाई हवेवर बसतात!

बाईंचं काय सांगू तुम्हाला. हयातभर गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर माणसं काय करतात? बागेत फिरतात, सुनेच्या चुका काढतात. ह्यांना सून नाही, एकच मुलगी, ती माझ्या गळ्यात, म्हणून ह्या ग्लायडर उडवायच्या क्लबात जाऊन विमान शिकल्या. शिकल्या तर शिकल्या, वर क्लबातलं एक जुनं दोन सीटचं ग्लायडर घेतलं. एक सीट पुढे, एक मागे. पुढच्या सीटसमोरचं पॅनेल, म्हणजे तबकड्या बसवायचा पत्रा, तडकलेलं, म्हणून नवीन हवं. आणि कारागीर कोण? तर मी! माडीवर चढलो तर कठडा धरून चालणारा माणूस मी! अहो, आपण जमिनीवरची माणसं!

तर गेलो क्लबात माप घ्यायला. मोठं पत्र्याचं शेड, आत ते पांढरं लांबलचक धूड एका पंखावर कलून पडलेलं. सासूबाई म्हणाल्या, "बसा आत." म्हटलं, बाहेरून घेतो की माप. "बसल्याशिवाय कसं कळणार, हात कुठवर पोचतो, गुडघा कुठे लागतो?" बसलो. बसलो म्हणजे काय, आडवाच झालो, आंघोळीच्या टबात झोपल्यासारखा. आणि वरून त्यांनी ते काचेचं झाकण खाली घेतलं… खट्! तुम्हाला सांगतो, बरणीतल्या मुरंब्याचं दुःख मला त्या दिवशी कळलं. समोर बघतो तर काचेवर, बाहेरच्या बाजूला, लोकरीचा एक लाल धागा चिकटवलेला. म्हटलं, "सासूबाई, कोणाचा तरी स्वेटर उसवलाय." तर बाहेरून आवाज, "हात लावू नका! ते उपकरण आहे!" उपकरण! विमान सरळ चाललंय की तिरकं, हे तो धागा बघून ठरवतात! ज्या विमानात लोकरीचा धागा उपकरण आहे, तिथे मी कशाला हवा होतो? विणकाम करणारी कोणीतरी चालली असती!

बरं, काम मात्र सोपं नाही हां. धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, काम देखणं आहे. वेग दाखवणारी तबकडी एक, उंची दाखवणारी एक, आणि तिसरी एक, आपण वर चाललोय की खाली ते सांगणारी. म्हणजे खाली चाललोय हे कळायला तबकडी लागते? माझ्या पोटात कळतं! प्रत्येकीला गोल भोक, भोवती चार स्क्रू. उंचीच्या तबकडीला एका कोपऱ्यात फिरवायची कळ असते, तर भोकाच्या त्या कोपऱ्यात तेवढीच खाच. खाली, मधोमध, दोरी सोडायच्या पिवळ्या मुठीचं भोक. शिवाय पॅनेलची खालची कड अशी कमानीत कापायची, की विमान चालवायचा दांडा पूर्ण पुढे ढकलला तरी पत्र्याला लागता कामा नये. मी विचारलं, "आणि लागला तर?" सासूबाई म्हणाल्या, "तर विमानाचं नाक खाली जाणार नाही." मी म्हटलं, मग चांगलंच की! त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं वर्गात शेवटच्या बाकाकडे बघत असतील.

पुठ्ठा कापला. लावून बघितला, काढला, छाटला, पुन्हा लावला. इथपर्यंत सगळं ठीक. मी खूश, सासूबाई खूश. म्हटलं, आपण पत्रा कापू, त्या उडतील, आपण खालून हात हलवू. आपण जमिनीवरची माणसं!

तेवढ्यात क्लबाचे तपासनीस आले. उंच, सुकलेला माणूस, कायम सर्दी. पुठ्ठा बघितला, नाक ओढलं आणि मला विचारलं, "वजद किती?" मी म्हटलं, पत्र्याचं? काही नाही हो, अॅल्युमिनियम आहे, पिसासारखा. "पत्र्याचं दाही. तुबचं!" माझं? माझं कशाला? तर म्हणे क्लबात एक पद्धत आहे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. ज्याने विमानाच्या कामाला हात लावला, तो दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणाला मागच्या सीटवर बसतो. "त्याबुळे काब चांगलं होतं," म्हणे! आणि नाक ओढून गेले.

सासूबाईंकडे बघितलं. म्हटलं, तुम्हाला माहीत होतं? "माहीत होतं." मग सांगितलं का नाही? "तुम्ही विचारलं नाहीत." घरी आलो, हिला म्हटलं, तुला माहीत होतं? ही भाजी निवडत म्हणाली, "एवढं काय त्यात? आईबरोबर तर जाताय, एकटे थोडेच आहात!" आता कोणावर ठेवायचा विश्वास?

वजनाची सबब करून बघितली. म्हटलं, मी फार जड आहे हो, विमानाला झेपणार नाही. सासूबाईंनी मला ह्याच दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, पार्सलच्या काट्यावर उभं केलं! आकडा बघितला, कागदावर बेरीज केली, खाली दोन रेघा मारल्या, "बसतंय," म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, माणसाने जरा जास्त खायला हवं होतं.

आणि मग तुम्हाला सांगतो, मी तो पत्रा असा कापला… असा कापला! इतकी वर्षं पाट्या केल्या, पण कानस अशी कधी चालवली नव्हती. भोकाच्या कडेवरून बोट फिरवायचं, जरा खरखर लागली की वाटायचं, ह्याच खरखरीने मी मरणार. पिवळ्या मुठीचं भोक घासताना तर घाम फुटायचा. मूठ अडकली तर दोरी सुटायची नाही, आणि सुटली तर… सुटली तरी भीतीच की! पॅनेलच्या वर होकायंत्र असतं, त्याच्याजवळ लोखंड चालत नाही म्हणून पितळी स्क्रू घेतले, आणि एकेक स्क्रू चुंबकाला लावून बघितला. दुकानदाराने पितळ म्हणून दिलंय, पण दुकानदारावर काय विश्वास? मी स्वतः दुकानदार आहे! रंग दिला, काळा, चमक नसलेला. पॅनेल असं दिसत होतं, की काय सांगू… शोभेला भिंतीवर लावावं आणि खाली बसून राहावं. जमिनीवर!

तर बसवायचा दिवस उजाडला. शेडमध्ये सासूबाई, तपासनीस, मी. वेगाची तबकडी घेतली, बसली. वर-खालीची घेतली, बसली. उंचीची घेतली… बसेना. कळ एका कोपऱ्यात, खाच दुसऱ्या कोपऱ्यात. फिरवून बघितली, तर खाचेत कळ बसते, पण आकडे आडवे. मी सासूबाईंचा नकाशा बघतो, पत्रा बघतो, पुन्हा नकाशा बघतो… आणि माझ्या लक्षात आलं. आरशातलं! सगळं पॅनेल आरशातलं कापलं होतं मी! डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे!

का झालं असं? अहो, धंद्याची खोड! तुमचीच पाटी बघा. पारदर्शक अॅक्रिलिक, अक्षरं पुढून वाचता, पण कोरतो आम्ही मागून, उलटी. नकाशा हातात आला की आधी पालथा करायचा, मग पत्र्यावर चिकटवायचा, हे हाताला इतकं बसलंय, की डोक्याला विचारत नाही. आणि त्यातून डोकं भीतीने गार पडलेलं. हाताने आपलं काम केलं. दुसरा कोणी लोहार, सुतार असता, त्याच्या हातून ही चूक झाली नसती. आम्ही पाटीवाले!

आता माणसाने काय करावं? तोंड पाडावं, माफी मागावी. तोंड पाडलं मी. पण आत? आत नुसतं कारंजं उडत होतं! म्हटलं, सुटलो! आता नवीन पत्रा आणा, नवीन कापा, तोवर उडायचा मोसम संपेल, तोवर सासूबाईंना भरतकामाची गोडी लागेल… जड आवाज काढून म्हटलं, "सासूबाई, घोटाळा झाला. पत्रा वाया गेला." तपासनीस म्हणाले, "अरेरे." तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या हातातून पत्रा घेतला. डावीकडून बघितला. उजवीकडून बघितला. आणि पोळी उलटावी तसा उलटा केला.

"पत्र्याला दोन बाजू असतात, जावईबापू."

आता तुम्ही म्हणाल, एवढं तुला सुचलं नाही? सुचलं होतं हो! चूक कळली त्याच क्षणी सुचलं होतं, एवढा धंदा करतो मी! पण मी का बोलू? मी म्हटलं, त्या बाजूला रंग नाही. "रंग द्या." म्हटलं, स्क्रूच्या डोक्यांसाठी खळगे पाडलेत, ते मागे जातील. "गोल डोक्याचे स्क्रू लावा. पितळी." म्हटलं, देखणं दिसणार नाही. तर म्हणाल्या, "आकाशात कोण बघायला येणार आहे?" तपासनीस म्हणाले, "उत्तब!" उत्तम, म्हणे! संपलं. एकेक भोक सुईच्या टोकासारखं बरोबर, एकही सबब शिल्लक नाही. मीच इतकं नीट घासून ठेवलं होतं ना!

शेवटी शेडच्या बाहेर आल्यावर मी विचारलंच. म्हटलं, सासूबाई, खरं सांगा, एवढ्या मोठ्या शहरात मीच का? पॅनेल करणारे चांगले कारागीर पडलेत, शिकलेले, यंत्रं असलेले. मी पाट्या करतो. वर भित्रा. तुमच्या मुलीला विचारा, पाल दिसली तर तिला हाक मारतो.

त्या थांबल्या. म्हणाल्या, "गेले होते एकाकडे. हुशार माणूस. शीळ घालत घालत मापं घेत होता." म्हटलं, मग? तर म्हणाल्या, "तुम्हाला आठवतंय? माप घ्यायला आत बसलात, तेव्हा विमान शेडमध्ये होतं. दार बंद होतं. चाकाला लाकडी ठोकळा लावलेला होता. आणि तुम्ही पट्टा बांधलात. वर ओढून बघितलात. दोनदा." आणि माझ्याकडे न बघता, त्या पांढऱ्या धुडाकडे बघत, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मलाही वाटते हो भीती. प्रत्येक वेळी वाटते. शीळ घालणाऱ्याने कापलेल्या पत्र्यामागे मी नाही बसणार."

आता सांगा! ह्याला काय म्हणायचं, कौतुक की अपमान? इतकी वर्षं ह्या बाईंचा जावई आहे मी, मला वाटायचं ह्यांना भीती हा विषयच नव्हता, शाळेत त्या दिवशी गैरहजर असतील. आणि बोलून गेलो… काय बोललो? "सासूबाई, मी बसतो मागे." बोलून गेलो! जीभ आपली, पण विश्वास? तिच्यावरही नाही!

तर ते उड्डाण… थांबा. ऐकलंत? हॉर्न. त्याच. गाडीत बसूनच वाजवतात, वेळेच्या पक्क्या. हो, आजच! मग तुम्हाला काय वाटलं, मी मघापासून एका दमात का बोलतोय? गप्प बसलो की दात वाजतात! हे बघा, खिशात स्क्रू ड्रायव्हर घेतलाय. वर गेल्यावर काही सैल वाटलं तर… मागच्या सीटवरून माझा हात पोचत नाही, ठाऊक आहे मला, पण असू दे आपला, जवळ असला की बरं वाटतं. आलो हो! आलो, आलो!

पण दुकान कोणाच्या भरवशावर टाकायचं? ही माहेरी… म्हणजे माहेर तर माझ्याबरोबर विमानात येतंय, पण ही तिथे खाली उभी राहून हात हलवणार आहे. मी हलवणार होतो तो! राहता राहिलात तुम्ही. बघतोय मी मघापासून. पावती खिशात घातलीत, काढून बघितलीत, पुन्हा घातलीत, वरून हात दाबून बघितलात. पाटीचा रंग वाळला की नाही, तीनदा बोट लावलंत. आणि माझी एवढी कथा ऐकलीत, पण एकदाही शीळ घातली नाहीत. उठा, या इकडे, बसा गल्ल्यावर. लाजू नका, भित्री माणसं आपण, एकमेकांना नाही ओळखणार तर कोणाला? मी संध्याकाळी येतो… येतोच… जमिनीवर तर येणारच, कसा ते ती वर-खालीची तबकडी सांगेल. तोवर एवढंच करा, कोणी आलं तर पाटी द्या, पैसे घ्या, आणि कृपा करून हिशेब तेवढा प्रामाणिकपणे ठेवा.